भूपाल आण्णांच्या शिव्या

बास्केटबॉलची मॅच शेवटच्या दोन मिनिटांवर आली की आमचे शेजारी भूपाल आण्णा खांद्यावरचा टॉवेल गोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबतात. आधीची अडतीस मिनिटं मात्र त्या तोंडाला कुणी अडवू शकत नाही. कोच, रेफ्री, खेळाडू, रिंग रंगवणारा पेंटर आणि स्कोअरशीट लिहिणारा मी, सगळ्यांना सारख्याच शिव्या बसतात.

मी दूध संघात फॅट मोजतो आणि कॅम्पातल्या कोर्टावर मॅच असली की टेबलावर बसून गुण लिहितो. एकवीस वर्षं लिहितोय. आजवर दोन चुका झाल्या, दोन्ही मीच कबूल केल्या. तरी आण्णा दर मॅचला टेबलापाशी येणार आणि म्हणणार, "काय लिवलायस? दाव." मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

आण्णा मूळचे निपाणीचे, जैन. वडिलांचा तंबाखूचा व्यापार. कॉलेजसाठी बेळगावात आले, आमच्या क्लबात खेळले आणि मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान घालून इथंच राहिले. दुकानात एकच फोटो आहे, क्लबच्या सुभेदारांचा. फौजेतून निवृत्त झाल्यावर या माणसानं मातीत दोन खांब रोवले आणि तीस वर्षं टीम घडवली. त्यांच्यानंतर तीन कोच झाले. आण्णांच्या मते तिघं मिळून सुभेदारांच्या शिट्टीच्या दोरीएवढेही नाहीत. पहिला "टाइमआउटला मोबाइल बघणारा". दुसरा "पाटीवर बाण काढणारा, पोरं काय रामायण खेळायला आल्यात?" आणि आताचा "लई गोड बोलतोय. गोड बोलून जिलेबी हुतीया, खेळाडू न्हाय."

एक गोष्ट मात्र तिघांपैकी कुणी मोडली नाही. कोल्हापूर-सांगलीकडची टीम समोर असली की आमची मुलं कोर्टावर एकमेकांना कन्नडमध्ये हाका मारतात, आणि धारवाडकडची असली की मराठीत. हा सुभेदारांचा नियम. तिकडच्यांना ती भाषा अजिबात कळत नाही असं नाही, पण अर्धा सेकंद उशिरा कळते. सुभेदारांना तेवढंच पुरे होतं. पंचाईत फक्त निपाणीशी. त्यांना दोन्ही भाषा सारख्याच येतात, त्यामुळं ती मॅच परीक्षेच्या हॉलसारखी चिडीचूप चालते.

होतकरू खेळाडू शोधायची आण्णांची पद्धतही न्यारी. उंची, हात ते बघतच नाहीत. "उंची फसवती रं. पाय बघ, पाय!" म्हणून जैनांची बस्ती, म्हणजे मंदिर असो, मंगल कार्यालय असो, आत जाण्याआधी ते दारातल्या चपला बघतात. पिरनवाडीत एका लग्नाला आम्ही बरोबर गेलतो. चपलांच्या ढिगात त्यांना एक लेडीज चप्पल दिसली. नऊ नंबर. आण्णा ती हातात धरून दारातच उभे राहिले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, हा माणूस हलेना. शेवटी एक बाई धावत आल्या.

"ओ मामा, आमच्या सानिकाची चप्पल घिऊन कुठं निघालासा?"

"निघालो न्हाय. हुबा हाय. किती वर्साची पोरगी?"

पुढं काय झालं असतं ते सांगायला नको. चार जण जमले. मी मध्ये पडून नाव, पत्ता, नोकरी सगळं सांगितलं म्हणून सुटलो. जेवण चुकलं ते चुकलंच. पण पुढच्याच सोमवारी तेरा वर्षांची सानिका कोर्टावर आली. आता ती पंधराची आहे आणि आमच्या मुलींच्या टीममध्ये तिच्यासारखी दुसरी नाही. हे मी शीट बघून लिहितोय, कौतुकानं नाही.

तोंडात टॉवेल का, हे मला आण्णांनी कधी सांगितलं नाही. धारवाडकडच्या टीमशी झालेल्या एका जुन्या फायनलबद्दल ते नेहमी तावातावानं बोलतात. एका गुणानं आपण पुढं होतो, सात सेकंद उरले होते, आणि बेंचवरचा "कोण एक गाढव" उत्साहाच्या भरात कन्नडमध्ये ओरडला, "एडक्क! एडक्क!" म्हणजे डावीकडं. समोरच्यांनी पास अलगद पळवला आणि रिंगमध्ये घातला. गेली फायनल.

"ते गाढव कोण?" असं मी एकदा त्यांच्या घरी चहा पिताना विचारलं. आण्णा ताडकन उठून बाहेर गेले.

त्यांच्या बायको, शांताक्का, बशी उचलत म्हणाल्या, "हेच की वो! घरात कन्नड बोलायची सवय, निसटलं तोंडातनं. त्रेचाळीस वर्सं झाली. अजून झोपंत दचकत्यात."

"मग सुभेदार काय म्हणाले?"

"ते कुठं काय म्हणाले! देवमाणूस."

गेल्या महिन्यात मुलींची फायनल होती, कोल्हापूरकडच्या टीमशी. म्हणजे हाका कन्नडमध्ये. मी टेबलावर होतो. नऊ सेकंद उरले, एका गुणानं आम्ही पुढं, चेंडू आमच्याकडं. आणि सानिका जिवाच्या आकांतानं ओरडली, "डावीकडं टाक गं, डावीकडं!" मराठीत. पुढचं मला लिहावं लागलं: पास गेला, दोन गुण, मॅच त्यांची.

ती बेंचवर बसून बुटाची नाडी ओढत होती. कोच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "असू दे बेटा, होतं असं." मैत्रिणी तिच्याकडं बघायचंही टाळत होत्या. तेवढ्यात आण्णा तरातरा तिकडं निघालेले मला दिसले. मी शीट टाकून धावलो. आज या माणसाला चार शब्द सुनवायचेच, असं मी ठरवलं होतं.

"कोण वरडलं?" आण्णा तिच्यासमोर उभे राहिले.

"मी, आण्णा."

"कुठली भाषा ठरलीती?"

"कन्नड."

"मग जीभ काय पिरनवाडीला ठेवून आलतीस? दोन वर्सं तुला शिकवलं का म्हशीला? चेंडू हातात, मॅच हातात, आणि दवंडी पिटतीस व्हय गं?"

"आण्णा, लहान आहे ती," कोच म्हणाला.

"तू गप रं, जिलेबी!"

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकला. पूर्ण तीन मिनिटं ते बोलत होते. इतका वेळ दगडासारखी बसलेली पोरगी हुंदके देऊन रडायला लागली, आणि तेव्हाच आण्णा थांबले. धाप लागली होती.

"झालं," ते म्हणाले. "चूक केलीस, शिव्या खाल्ल्यास. फिटलं. आता ह्यो विषय कुणी काढायचा न्हाय, तूबी न्हाय. घरी जाऊन पोटभर जेव." मग कोचकडं वळून, पण त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मला सुभेदार काय बोलले न्हाईत. तुझ्यासारखाच पाठीवर हात ठेवला आणि गेले. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचो. आज बोलतील, उद्या बोलतील. ते मेले रं, पण बोलले न्हाईत."

चार शब्द सुनवायचे सोडून मी त्यांच्या खांद्यावरून घसरलेला टॉवेल सारखा केला.

सानिकानं बाहीनं नाक पुसलं. "अजून काय ऱ्हायलंय काय, आण्णा? असलं तर आत्ताच बोला."

आण्णा हळूच तिच्याशेजारी बेंचवर टेकले.

"न्हाय," ते म्हणाले. "आता काय न्हाय."