वगळणीच्या तांबड्या रेघेची हकीकत

श्रीधन्वंतरीचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांचे बोटास एकवार तरी सुई टोचली त्या समस्तांस दंडवत करून लिहिले जाते ऐसे जे, शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध पंचमी ते दिवशी राजधानीत जी गोष्ट घडली ती सांगणाराने पदरचे न घालता सांगावी आणि ऐकणाराने मध्येच न उठता ऐकावी.

राज्य थोर, राजा सुज्ञ, आणि राजधानीत रोगांचा तलास करणारा मोठा शोधखाना होता. त्याचे तीन गड. रक्तगडावर रक्ताचे विकार तपासावे, पोषणगडावर लेकरांनी काय खावे ते ठरवावे, आणि हृदयगडावर हृदयाची धडधड ऐकावी. हृदयगड सर्वांत उंच, आणि तेथे लिफ्ट होती, तरी तेथील किल्लेदार खाली उतरत नसत. तिन्ही गडांत वैर नव्हते. बोलणेच नव्हते, मग वैर कोठून व्हावे? रक्तगडावर म्हाळसाबाई रक्तनवीस म्हणून बावीस वर्षे चाकरीस होत्या. मुलखातून रक्ताचे ठिपके कागदावर सुकून येत, त्यांत रक्ताचा कस किती त्याचा अंक यंत्रातून काढावा आणि दप्तरी लिहावा हे त्यांचे काम. आणि शोधखान्याची पूर्वापार वहिवाट ऐसी की, जो अंक बाकीच्यांहून फारच खाली येईल तो यंत्राची चूक समजून तांबड्या रेघेने वगळावा, नाही तर सरासरी बिघडते. त्या रेघा बाई मारीत. पट्टी न लावता रेघ ऐसी सरळ येई की नवे कारकून पाहावयास येत, आणि बाईंस त्याचा अभिमान होता, तो त्या लपवीतही नसत.

ते समयी पोषणगडाचे सरदार बजाबा यांनी फिकेपणावर मोहीम काढिली होती. डोंगरी परगण्यातील चारशे लेकरांस रोज सकाळी नाचणीगुळाचा लाडू द्यावा आणि दर सहा महिन्यांनी बोटाचे रक्त घ्यावे, ऐसी तीन वर्षे चालली आणि लेकरांचे गाल खरोखरच भरले, हे बजाबांच्या पदरी घातलेच पाहिजे. मग पंचमीस दरबार नेमिला, परमुलखीच्या वैद्यांचे वकील बोलाविले, आणि बजाबा आठ दिवस आधीपासून मिशांना पीळ देत हिंडू लागले.

त्याच आठवड्यात भिवराबाई म्हणून डोंगरातील एक बाई सहा वर्षांची मुलगी काखेत घेऊन, दोन एसट्या बदलून रक्तगडाचे खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाईसाहेब, आमच्या गावच्या फळ्यावर कागद लावलाय. तुळीचं रगत वाढत न्हाई, तवा तिचा लाडू तिची आईच खाती, असं लिवलंय. पाणवठ्यावर बाया माझ्याशी बोलत न्हाईत. म्या लाडू खाल्ला न्हाई. पोरीच्या गळ्याची आण." म्हाळसाबाईंनी ऐसी गाऱ्हाणी पुष्कळ ऐकिली होती, आणि त्या "पोषणगडावर जा" म्हणणारच, तो त्यांची नजर मुलीकडे गेली. तुळी ओसरीवर बसून पायाची नळी दोन्ही हातांनी दाबीत होती, डोळे पिवळट, बोटे सुजलेली, आणि रडत नव्हती. ज्या लेकरास दुखण्याची सवय जाहली ते रडत नाही, हे बाईंस ठाऊक होते. बाईंनी मनगट धरिले तो नाडी घोड्यासारखी धावत होती. मग त्यांनी कोणास न पुसता ताजा थेंब घेऊन भिंगाखाली धरिला, आणि पाहतात तो रक्ताच्या पेशी वाटोळ्या असाव्या त्या विळ्यासारख्या वाकलेल्या. हा विकार आईबापांकडून निम्मा निम्मा येतो, आणि लाडू कितीही चारिला तरी त्याने हटत नाही.

मग बाईंनी तुळीचे नाव दप्तरात शोधिले. आपल्याच दप्तरी सहा वेळा सापडले, आणि सहाही वेळा त्यावर तांबडी सरळ रेघ, शेजारी "यंत्राची चूक" आणि खाली स्वतःची सही. मग पोषणगडाचे दप्तर मागविले. तेथे "वारंवार ताप, सबब गणतीत न धरणे" म्हणून रेघ, आणि पुढे आईविषयी तो शेरा. मग बाई लिफ्टने हृदयगडावर गेल्या. तेथेही शाळातपासणीत तुळी येऊन गेली होती. किल्लेदार म्हणाले, "हृदय धड आहे. रक्त पातळ म्हणून ते बिचारे दुप्पट धावते. परंतु रक्त हा आमचा विषय नव्हे, सबब वगळिले." बाई म्हणाल्या, "मग खाली कळवायचे तरी होतेत!" किल्लेदार म्हणाले, "खाली कळविण्याची वहिवाट नाही." तिन्ही गडांनी आपापल्या नियमाने बरोबरच केले होते, आणि पोरगी मधल्यामध्ये राहिली होती. बाईंस स्वतःचा ऐसा राग आला की जेवण गेले. मग त्यांनी तिन्ही दप्तरांतील तांबडी नावे एके ठायी केली. ती भरली एकेचाळीस. त्यांचे जुने ठिपके पेटीतून काढून सहा दिवस पुन्हा तपासिले, तो एकोणतीस जणांत तोच विकार.

तो कागद घेऊन त्या बजाबांकडे गेल्या. बजाबांनी वाचिला आणि हलकेच म्हणाले, "बाई, दरबार परवा आहे. वकील येऊन बसले आहेत. फत्ते होऊ द्या, मग सावकाश पाहू. आणि हे उघड जाहले तर पहिली सही कोणाची निघेल, याचा विचार केलात काय?" बाईंनी सहा दिवस त्यावाचून दुसरा कोणताच विचार केला नव्हता.

पंचमीस दरबार भरला. महाराज विराजमान जाहले, आणि बजाबांनी उंच स्वरे वाचिले, "मुलखात फिके बालक औषधालाही उरले नाही!" वकिलांनी टाळ्या वाजविल्या. तेव्हा म्हाळसाबाई मागील रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "महाराज, एक उरले आहे. बाहेर ओसरीवर आईच्या मांडीवर निजले आहे." महाराज म्हणाले, "मग दप्तरी कसे नाही?" बाई म्हणाल्या, "मी खोडले म्हणून नाही." बजाबांची पाचावर धारण बसली. मग बाईंनी एकेचाळीस नावे वाचिली, एकोणतिसांचा विकार सांगितला, आणि आपल्या सह्याही दाखविल्या. महाराजांनी पुसिले, "वहिवाट तर तुमच्या आधीपासूनची. मग दोष कोणाचा?" बाई म्हणाल्या, "वहिवाट कोणाची ते मला ठाऊक नाही, महाराज. रेघ माझी आहे."

महाराजांनी फत्तेचा कागद बाजूस ठेविला. आज्ञा जाहली की, तिन्ही गडांनी एके ठिकाणी बसावे, वगळलेले प्रत्येक लेकरू पुन्हा तपासावे, आणि एकोणतिसांस औषध सुरू करावे. आई-बापांस समजावून सांगावे की पाणी भरपूर पाजा, थंडीत ऊब द्या, ताप आला तर घरी बसू नका. मग भिवराबाईस आत बोलाविले आणि काय पाहिजे ऐसे पुसिले. ती म्हणाली, "पोरीला दवा देताय, लई उपकार झाले. पर त्यो फळ्यावरचा कागद अजून तिथंच हाय."

दुसरे दिवशी म्हाळसाबाई स्वतः एसटीने त्या गावी गेल्या. फळ्यापुढे बाया जमल्या, आणि त्या सर्वांदेखत बाईंनी तांबडी लेखणी काढून लाडवाचे ते वाक्य खोडिले. बावीस वर्षांत प्रथमच रेघ वाकडी आली. आईच्या कडेवरून तुळीने विचारिले, "बाई, माजं नाव खोडलं व्हय?" बाई म्हणाल्या, "नाही गं. तुझं नाव मागंच खोडलं होतं मी. आता लिहिते." आणि खाली रिकाम्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिले.

एवंच, मोहिमेची फत्ते त्या साली जाहीर जाहली नाही. वगळणीची वहिवाट मोडिली, आणि हृदयगडाची लिफ्ट आता खालीही येते. तुळी पूर्ण बरी जाहली ऐसे लिहवत नाही, कारण दुखणे जन्माचे आहे. कधी पाय दुखतो, आणि दुखला म्हणजे आता ती रडते.