आधी उरकणारे दिघे

रिक्षात बसण्याआधीच दिघे रिक्षावाल्याला कसब्यातली सगळी वळणं सांगून टाकत. तो वैतागून म्हणे, "काका, बसा तर आधी!" "वाटेत मी बोलत नाही," दिघे म्हणत, आणि खरोखरच बोलत नसत.

आमच्या कंपनीत ते पर्ल भाषेत प्रोग्रॅम लिहीत. पर्लमध्ये 'बिगिन' नावाचा एक कप्पा असतो. संगणक प्रोग्रॅम नुसता वाचत असतानाच त्या कप्प्यातलं काम करून मोकळा होतो. बाकीचं नंतर, प्रोग्रॅम चालू झाल्यावर. दिघ्यांचा सगळा जीव त्या कप्प्यात. असेल नसेल ते तिथे कोंबत. "जे फसायचं ते आधीच फसू दे. गिऱ्हाइकासमोर शोभा नको."

एकदा त्यांनी आजची तारीखही तिथेच काढून ठेवली. प्रोग्रॅम सोमवारी सुरू झाला तो आठवडाभर बंदच झाला नाही, आणि गिऱ्हाइकाच्या कागदांवर शुक्रवारीसुद्धा सोमवारचीच तारीख छापून येत राहिली. साहेब कडाडले. दिघे शांतपणे म्हणाले, "सोमवारी बरोबर होतं."

मला या माणसाचा राग यायचा. काहीतरी ऐनवेळेवर सोडावं की नाही?

मग त्यांची मुलगी रेवा अमेरिकेत नोकरीला निघाली. बायको केव्हाच गेलेली. घरात बापलेक दोघंच. बाबांचं कसं होईल म्हणून रेवा मध्येच तिकीट रद्द करायला निघाली होती. जायच्या दिवशी मी सामान उचलू लागायला गेलो, तर दिघे जिन्यातच कानाशी लागले.

"सकाळीच मंडईत जाऊन रडून आलो. त्या गर्दीत कोण बघतंय! आता माझा डोळा ओला दिसला ना, तर ती जायची नाही."

एरवी मी खो खो हसलो असतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

गाडी आली. रेवा नमस्काराला वाकली. दिघ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आशीर्वाद कालच दिलाय. स्वेटर बॅगेत वरच ठेवलाय. नीघ." आवाज खणखणीत. ती रडतारडता हसली आणि गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दिघे हात हलवत राहिले.

मग दारातल्या पायरीवर मटकन बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. खिशात रुमालसुद्धा नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी माझा रुमाल दिला आणि शेजारी टेकलो.

"सकाळी झालं होतं हो सगळं," ते मला अगदी मनापासून विचारत होते, "मग हे परत का?"