अस्वलांच्या गुहेतली भिंत

मुलांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. सातासमुद्रापलीकडे एका जंगलात सगळे प्राणी गुण्यागोविंदाने भांडत होते.

त्या जंगलाचं नाव संयुक्त वन. नावातच संयुक्त असल्यामुळे निराळं संयुक्त राहण्याची गरज कुणाला वाटत नसे.

तिथे दर चार वर्षांनी राजा निवडत. कधी हत्ती निवडून येई, कधी गाढव. खरं तर त्या मुलखात हत्ती होतच नाहीत, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

हत्तीच्या बाजूचे प्राणी नाकाला वेलीची सोंड बांधत. गाढवाच्या बाजूचे डोक्याला पानांचे लांब कान बांधत. पूर्वी निकाल लागला की सोंडा आणि कान काढून ठेवत आणि सगळे मिळून नदीवर मासे धरायला जात.

यंदा निकाल लागला, पण कुणी काहीच काढलं नाही. जंगलाचे आता दोन तुकडे होणार, अशी आवई उठली. एकदाचे होऊन जाऊ देत, असंही बरेच जण म्हणू लागले.

त्या जंगलात डोंगराच्या कुशीत भुरीबाई नावाची अस्वलीण राहायची. तिला दोन मुलगे. थोरला दांडगोबा, धाकटा झिपरू. दांडगोबाच्या नाकाला सोंड होती, झिपरूच्या डोक्यावर कान होते, आणि भुरीबाईच्या जिवाला घोर होता.

तिकडची अस्वलं अख्खा हिवाळा झोपून काढतात. हे तिघे दरवर्षी एकाच गुहेत झोपायचे. मध्ये आई, तिच्या दोन बाजूंना दोन मुलगे. थंडी अशी, की एकटं झोपलेलं अस्वल वसंतात उठत नाही. भुरीबाईचा नवरा एका वर्षी रुसून बाहेर झोपला होता. तो उठला नाही.

झोपण्याआधी पोटभर जेवायची त्यांची रीत होती. भुरीबाईने मासे, कंदमुळं आणि मध असा बेत केला.

“आई, त्याला सांग, मासा इकडे सरकव,” दांडगोबा म्हणाला.

“आई, या कानांमुळे मला ऐकू येत नाही,” झिपरू म्हणाला, “पण तो म्हणतोय ते खोटं आहे.”

“मध घ्या रे,” भुरीबाई म्हणाली. “वास तरी घ्या.”

“सोंडेतून वास येत नाही,” दांडगोबा म्हणाला. “आणि मला याच्यासोबत झोपायचं नाही. गुहेची वाटणी कर.”

“आत्ताच्या आत्ता कर,” झिपरू म्हणाला. एवढं मात्र त्याला ऐकू आलं.

दांडगोबाने गुहेचा आतला भाग मागितला, कारण तो वाडवडिलांनी उबवलेला होता. झिपरूने दार मागितलं, कारण दार सर्वांना खुलं असलं पाहिजे, असं त्याचं मत होतं. दांडगोबाला सोडून.

“अरे, मध्ये भिंत घातली तर तू बाहेर कसा पडणार?” आईने थोरल्याला विचारलं. “आणि तू दारात गारठून मरशील,” ती धाकट्याला म्हणाली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” दोघेही म्हणाले.

बाहेर बर्फ पडू लागलं होतं. भुरीबाईला नवऱ्याची आठवण झाली. ती म्हणाली, “आता दगड कुठून आणायचे? मीच मध्ये आडवी पडते. या हिवाळ्यापुरतं मलाच भिंत समजा.”

दोघांना ते पटलं. भुरीबाई मध्ये आडवी झाली. पलीकडचा भिंत ढकलेल, अशी भीती दोघांनाही होती. म्हणून दोघे आपापल्या बाजूने तिला घट्ट पाठ टेकवून झोपले.

म्हणजे दरवर्षीसारखेच झोपले. भुरीबाईला इतका आनंद झाला, की ती अंधारात मुसमुसून रडली.

हिवाळाभर तिला कूस मात्र बदलता आली नाही. जरा हलली की कुणीतरी झोपेत ओरडे, “भिंत त्याच्याकडे झुकली!”

वसंत आला. दोघेही ठणठणीत जागे झाले. दांडगोबा आईच्या पोटावर पाय देऊन बाहेर आला. तेवढ्यापुरती भिंत नव्हती, असं ठरलं.

बातमी पसरली. हत्ती आणि गाढव दोघेही आपापल्या बाजूचे प्राणी घेऊन गुहा पाहायला आले.

“वाटणी झाली आणि तरी दोघेही उबेत राहिले,” हत्ती म्हणाला.

“भिंतीचा गुण,” गाढव म्हणालं. “अशी भिंत असेल तर जंगलाचे तुकडे करायची गरजच नाही.”

“बाळांनो,” भुरीबाई आतून म्हणाली, “आता मला उठू द्या. हिवाळाभर पोटात अन्नाचा कण नाही.”



“आई, असं काय करतेस?” झिपरू म्हणाला. “तू उठलीस तर सगळं जंगल दुभंगेल.”

“लोकांनी काय समजायचं?” दांडगोबा म्हणाला.

मग मतं घेतली. भिंतीने उठू नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. भिंतीला मत नव्हतं.

कित्येक वर्षांत असं एकमत झालं नव्हतं. प्राण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सोंडा आणि कान काढून ठेवले, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि पूर्वीसारखे सगळे मिळून नदीवर मासे धरायला गेले. दांडगोबा आणि झिपरू गळ्यात गळे घालून पुढे होते.

भुरीबाईसाठी मासा कुणीच आणला नाही. एका बाजूने आणला असता, तर भिंत विकली गेली, असं दुसरी बाजू म्हणाली असती.

तात्पर्य : जंगल एकसंध ठेवायला मध्ये एखादी भक्कम भिंत हवीच. फक्त तिला भूक लागता कामा नये.