अण्णाचं सात दिवसांचं बेट

मांडवीच्या पुळणीवर आगबोटीच्या बंदोबस्ताला बसलेल्या एका हवालदाराला माझा थोरला भाऊ अण्णा एकदा म्हणाला, "इथून चढ लागेल. ओचा वर खोचून घ्या. आणि पदर डोक्यावरून घ्या, ऊन बाधतं."

हवालदाराच्या मिशा कानांपर्यंत पोचलेल्या. आजूबाजूची माणसं हसून लोळली. अण्णा हसला नाही. छत्रीच्या टोकाने त्याने वाळूत डोंगर काढला, डोंगराला वाट काढली, वाटेत दोन दगड काढले. "दुसऱ्या दगडापाशी बसायचं. घाई नाही. पाणी मी आणीन."

डोंगर अंदमानातला. अण्णा तिथे वीस वर्षं काढून आला होता. बांधावरच्या एका माडावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, हातात कोयती होती, आणि जे व्हायचं ते झालं. जन्मठेप झाली तेव्हा तो तिशीत होता. परत आला तो पन्नाशीचा, पाठीत वाकलेला, समोरचे चार दात गेलेला.

काळ्या पाण्यावरून सुटून आलेला माणूस म्हटला की लोकांना फटके, बेड्या, तेलाचा घाणा असलं काही ऐकायचं असतं. अण्णाकडे मिळायची सहल. सात दिवसांची, आणि दिवस ठरलेले. पहिल्या दिवशी धक्क्यावर उतरून बाजार बघायचा. बांगड्यांचं एक दुकान आहे, पण भाव करावा लागतो. दुसऱ्या दिवशी होडीने समोरच्या बेटावर, साहेबांचे बंगले लांबूनच बघायचे. तिसऱ्या दिवशी डोंगर. चौथ्या दिवशी विश्रांती, "कारण पोटऱ्या भरून येतात." पाचव्या दिवशी ओहोटी साधायची आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून तळाची पोवळी बघायची. "मंगळसूत्रात ओवता ना, ते पोवळं नव्हे हो हे. त्याची ही थोरली बहीण. वाकून बघा, पण हात लावू नका, कापतं." हे तो ज्यांना सांगायचा त्यांत मामलेदार कचेरीतले शिपाई असायचे, काजूचे व्यापारी असायचे, एकदा तर एक दाढीवाला बैरागी होता.

काळं पाणी हा शब्द मात्र त्याला खपायचा नाही. एक वकील चुकून बोलून गेले. अण्णाने छत्री मिटली. "काळं? वकीलसाहेब, काळी तुमच्या या मांडवीची वाळू. तिथलं पाणी हिरवंगार, तळाचा खडा दिसतो." वकील 'बेट' म्हणेपर्यंत पाचवा दिवस सुरू झाला नाही.

सातव्या दिवशी काही बघायचं नसायचं. सातव्या दिवशी झोपडीच्या दारात बसायचं. पुढे चार माड, मागे केळी, डाव्या हाताला तुळशीला जागा सोडलेली. "तुळस तिकडे लवकर मिळत नाही, रोप इथूनच न्यायचं." मग अण्णा समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा आणि त्याचा ठरलेला प्रश्न विचारायचा, "मन लागेल ना हो तिथं?"

"लागेल की, अण्णा! न लागायला काय झालं!" लोक म्हणायचे आणि एकमेकांना कोपरं मारायचे.

मीही हसायचो, बाकीच्यांपेक्षा मोठ्याने. कारण ही सहल मला अण्णा परत येण्याच्या आधीपासून तोंडपाठ होती. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

अण्णा गेला तेव्हा वडिलांनी पोस्टमनला बजावलं होतं की तिकडचं पत्र या घरात द्यायचं नाही. वर्षाला एक यायचं ते परत जायचं. वडील वारले, मी कचेरीत कारकून झालो, घर माझ्यावर आलं. धाकट्या बहिणीचं, ठकूचं, लग्न राजापूरकडे ठरत होतं. मुलाकडच्यांनी थोरल्या भावाबद्दल विचारलं. मी म्हटलं, "अकरा वर्षं झाली, काही बातमी नाही." तोवर ते खरंच होतं.

लग्नाला महिना राहिला असताना रजिस्टर पत्र आलं. पोचपावतीवर सही करून मी ते घेतलं. अण्णाला सरकारने तिकीट दिलं होतं. म्हणजे तुरुंगाबाहेर झोपडी बांधून, जमीन कसून राहायची परवानगी. अशा कैद्याला बायकोला बोलावून घेता यायचं, बोटीचं भाडं सरकारचं. वहिनीने कलेक्टर कचेरीत जाऊन कागदावर अंगठा करायचा, एवढंच. पत्र मलाच होतं, पण लिहिलेलं होतं तिला वाचून दाखवण्यासाठी. चार पानं. पहिला दिवस, दुसरा दिवस. चढावर ओचा खोचून घे, पदर डोक्यावरून घे, पाणी मी आणीन. शेवटची ओळ: 'द्वारकेला विचार, मन लागेल ना?'

वहिनी कचेरीत गेली असती तर अण्णा काळ्या पाण्यावर जिवंत आहे हे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं, दोन दिवसांत राजापूरला. ठकूचं लग्न मोडलं असतं. मी पत्र माझ्या दप्तराच्या पेटीत तळाला घातलं. लग्न झाल्यावर दाखवू, असं मनाशी म्हटलं. लग्न झालं, आणि मग इतके दिवस का दाखवलं नाही हे सांगायची हिंमत होईना.

पुढच्या वर्षी बारा वर्षं भरली. परदेशी गेलेल्याची बारा वर्षं बातमी नसेल तर त्याची क्रिया करावी लागते. ठकूच्या सासऱ्यांनी आठवण करून दिली, आमचे गुरुजी दिवस काढून आले. नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? बातमी नाही हे मीच सांगत आलो होतो. पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं लावतात. आदल्या दिवशी वहिनी दाराआडून म्हणाली, "भावजी, नक्की काही कळलं नाही ना हो?"

"नाही."

"मग करा," ती म्हणाली.

अग्नी मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या पडवीत न्हावी आला. त्यानंतर वहिनी सहा वर्षं जगली, लाल आलवणात, आणि हिवतापाने गेली. तुळशीला पाणी मात्र एक दिवस चुकवलं नाही.

ती गेल्यावर दोन वर्षांनी अण्णा सुटून आला. सगळं ऐकून घेतलं. रडला नाही. जेवायला बसल्यावर एकच विचारलं, "पत्राची पोचपावती आली होती मला, तुझ्या सहीची. ती काय म्हणाली रे?"

"काही बोलली नाही," मी म्हटलं.

यात खोटा शब्द एकही नव्हता.

मग गुरुजी म्हणाले, ज्याची क्रिया झाली तो शास्त्राने मेलेला. त्याला घरात घ्यायचं तर पुन्हा जन्माला घालावं लागेल. चार दिवसांत अण्णाचं जातकर्म, बारसं, मुंज सगळं उरकलं. बारशाला अण्णा बोळक्या तोंडाने म्हणाला, "नाव तेवढं तेच ठेवा हो गुरुजी, नवीन लक्षात राहायचं नाही. आणि पाळण्यात मी मावणार नाही." आम्ही पोट धरधरून हसलो. हसण्याच्या भरात गुरुजी बोलून गेले, "आता पूर्वीच्याच बायकोशी लग्न लावलं की झालं!" आणि मग त्यांना आठवलं.  चार दिवसांनी अण्णा छत्री घेऊन मांडवीवर जायला लागला.

ही सहल दहा वर्षं चालली. दर खेपेला काहीतरी नवीन असायचं. जळवा लागू नयेत म्हणून पायाला तेल. होडी लागू नये म्हणून तोंडात लवंग. गावाला वाटायचं, म्हातारा चळला. मला कळायचं तो काय करतोय. पत्रात काय कमी पडलं, ते तो शोधत होता.

गेल्या मार्गशीर्षात भंडारवाड्यातली एक बाई पुळणीवर बसली होती. नवरा मुंबईला गोदीत, त्याच्याकडे निघालेली. अण्णाने तिला सातही दिवस सांगितले, चढाचं जरा जास्तच समजावलं. शेवटी विचारलं, "मन लागेल ना?"

ती गाठोडं उचलत म्हणाली, "घोवानं बोलावलान तर जाईन मी. चढाचं काय घेऊन बसलाव!"

अण्णा भर दुपारी घरी आला. पडवीत माझ्या समोर बसला. छत्री बाजूला ठेवायची विसरला होता.

"ती बाई म्हणते, नवऱ्यानं बोलावलं तर चढाचं काय. मग द्वारकेला कशाचं वाटलं असेल रे? माझंच तोंड बघायला नको होतं की काय? खुनी माणूस..."

मी उठलो. पेटी उघडली. पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. "अण्णा, वहिनीने हे ऐकलंच नाही. मी तिला दाखवलं नाही."

मग बाकीचंही सांगितलं. ठकूचं लग्न, दाराआडून वहिनीने विचारलं ते, सगळं. हातात छत्री होती, तो मारील असं मला वाटलं. मारावं, असंही वाटलं.

अण्णाने पत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. चाळिशी नव्हती. तो वाचत नव्हताच, नुसता कागदावरून बोट फिरवत होता.

"म्हणजे ती नको म्हणाली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"नको म्हणाली नव्हती." त्याने पत्राची होती तशी घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. "ठेव तुझ्यापाशीच. वर नाव तुझं आहे."

त्यानंतर आजपर्यंत या विषयावर तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. जेवायला पानावर बसतो, मीठ मागतो, हवापाण्याचं बोलतो.

दुसऱ्या दिवशी सवयीने मांडवीवर गेला. मीही पाठोपाठ गेलो, लांब उभा राहिलो. मिशावाला हवालदार होताच. चार प्रवासी गोळा करून म्हणाला, "या अण्णा! ह्यांना बेट दाखवा. मी ओचा खोचूनच बसलोय!"

अण्णाने वाळूकडे बघितलं. छत्रीचं टोक टेकलं, पण डोंगर काढला नाही.

"बघण्यासारखं काही नाही हो तिथं," तो म्हणाला. "काळं पाणी ते."