पाच वाजेपर्यंतचा अर्धा चेहरा

"बाबा, हलू नका. आणि हसूही नका, गालाला सुरकुती पडते."

मास्तर हलतही नव्हते आणि हसतही नव्हते. हसण्यासारखं होतं काय? बिचारे आले होते लेकीच्या मेकअपच्या दुकानात, तिचा विसरलेला डबा द्यायला. डबा काउंटरवर ठेवून वळतात तोच लेकीने त्यांना उंच स्टुलावर बसवलं आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. समोर आरसा, आजूबाजूला बाटल्याच बाटल्या, आणि मधोमध बेकरीच्या भट्टीवर बावीस वर्षं घालवलेला एक बाप.

"अगं, पण झालंय काय?"

"माझे उमेदवारीचे तीन महिने आज संपतायत. मॅडमनी परीक्षा ठेवलीय. तेलकट चेहऱ्याचं माणूस आणायचं, त्याच्या अर्ध्याच चेहऱ्याला मेकअप करायचा आणि संध्याकाळी पाचला त्याला परत हजर करायचं. दहा मिनिटं कुणीही छान दिसतं म्हणाल्या, पाचपर्यंत टिकला तर नोकरी कायम. शेजारच्या काकू येणार होत्या, पण त्यांना सकाळपासून शिंका सुरू झाल्यात."

"मग एखादी बाई बघ ना!"

"मला तेलकट माणूस हवंय. आणि तेलकटपणात तुमचा हात कोण धरणार?"

हे मात्र खरं होतं. घरातल्या एकूण एक फोटोत मास्तरांच्या कपाळाच्या जागी नुसता उजेड पडलेला असे. त्यांनी निमूटपणे मान पुढे केली.

शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने एक जाडजूड बाटली पुढे सरकवली. "हे लाव गं, सगळं झाकून टाकतं."

"झाकेल, पण दोन तासांत घसरून हनुवटीवर येईल," लेक म्हणाली आणि तिने पाण्यासारख्या पातळ फाउंडेशनची एक साधीशी बाटली उचलली. त्यातला थेंबभर मास्तरांच्या जबड्याला लावून ती त्यांना दारापाशी घेऊन गेली आणि उन्हात रंग जुळतोय का ते बघून आली. मग ओल्या स्पंजने टप टप टप करत तिने उजव्या बाजूला तो पसरला आणि पावडर लावली ती फक्त कपाळ आणि नाकाच्या कडेला.

"बस? एवढंसंच?"

"तेलकट चेहऱ्यावर थर जितका पातळ, तितका टिकतो."

"म्हणजे गोळे वळताना आम्ही हाताला पीठ लावतो तसंच की! चिमूटभर पुरतं, मूठभर लावलं की सगळं बिघडतं." मास्तर लेकीकडे बघतच राहिले. परवापर्यंत वेणी घालून द्या म्हणून मागे लागणारी ही पोर, आणि आज तिच्या हाताला काय वळण आलंय! त्यांचा ऊर भरून आला. पण डोळ्यांत पाणी आणायलाही आज बंदी होती.

"घाम आला तर हा कागद ठेवून टिपायचा, पुसायचा नाही. हात लावायचा नाही, धुवायचं नाही. बाबा, आज सुट्टी नाही का घेता येणार?"

"मोठी ऑर्डर आहे गं. पण तू काळजी करू नकोस. भट्टीला तोंड देईन, पण डाव्या बाजूने."

बेकरीत पाऊल टाकताच पाकिटं भरणाऱ्या मावशी थबकल्या. त्या एकदा इकडून बघून आल्या, एकदा तिकडून.

"मास्तर, हा उजवीकडचा तुमचा धाकटा भाऊ का हो? बरा देखणा आहे!"

मास्तरांनी सगळं सांगितलं. पोरीच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर थट्टा तिथेच थांबली आणि अख्खी बेकरी कामाला लागली. थट्टा परवडली असती, असं मास्तरांना नंतर वाटलं. मालकांनी स्वतःच्या खुर्चीमागचा पंखा भट्टीपाशी आणून लावला. मावशी दर दहा मिनिटांनी कागद घेऊन हजर होऊ लागल्या. मास्तर भट्टीपुढे खेकड्यासारखे आडवे चालत होते आणि एकाच डोळ्याने पावांवर लक्ष ठेवत होते. पहिले दोन ट्रे चांगलेच काळवंडले. एरवी मालकांनी बेकरी डोक्यावर घेतली असती, पण आज ते एवढंच म्हणाले, "पाव काय, उद्याही होतील."

दुपारी तीनला कागद संपले. मावशींनी केकखालचा कागद आणला, पण तो तेल शोषतच नाही म्हणून तर केकखाली घालतात! तो गालावरून नुसताच सरकायला लागला. तेवढ्यात मैदा मळणाऱ्या पैलवानाला मास्तरांची दया आली. "मास्तर, थांबा, मी वारा घालतो," म्हणत त्याने हाताला लागलं ते मैद्याचं रिकामं पोतं उचललं आणि जोरात झटकलं.

पोतं रिकामं नव्हतं.

ढग उठला. मावशींनी प्रसंगावधान राखून केकच्या खोक्याचं झाकण मास्तरांच्या उजव्या गालावर धरलं म्हणून ती बाजू वाचली. डावी मात्र पांढरीफटक झाली. भुवईसुद्धा दिसेना. मास्तर कपाळाला हात लावणार, तोच तिघेही एका सुरात ओरडले, "हात नाही!"

मग मोरीपाशी अर्ध्या चेहऱ्याची अंघोळ झाली. मावशींनी नाकाच्या रेषेवर झाकण धरलं, मालकांनी मान तिरपी धरून ठेवली आणि पैलवान अपराधी चेहऱ्याने चमच्याचमच्याने पाणी सोडत राहिला. साबण लावला, धुतलं, टिपलं. चौघांनीही सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि मग मावशींनी दोन्ही गाल नीट बघितले.

"अगं बाई! आता तर डावी बाजूच जास्त छान दिसतेय!"

झाली का पंचाईत! साबणाने घासलेला डावा गाल कोरडा ठणठणीत पडला होता. मेकअप केलेली बाजू कुठली आणि न केलेली कुठली, कुणालाही कळलं नसतं. मग लेकीने केलं काय, असं मॅडम विचारणार! मास्तर भट्टीसमोर डावा गाल करून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घाम आला, पण तेल काही येईना.

"जन्मभर नको नको म्हटलं तेव्हा मेलं धो धो आलं," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले, "आणि आज लेकीसाठी थोडंसं मागतोय तर येत नाही!"

घड्याळात साडेचार वाजले होते. मालकांनी इकडे तिकडे बघितलं आणि ते हळूच म्हणाले, "मास्तर, आपल्याकडे लोणी आहे."

मास्तर आयुष्यात खोटं बोलले नव्हते. पण बापाचं मन आणि घड्याळाचा काटा यांच्यापुढे कुणाचं काय चालतं? त्यांनी बोटाच्या टोकावर लोणी घेतलं, डाव्या गालावर फिरवलं आणि ते तडक दुकानाकडे धावले.

पाचच्या ठोक्याला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, ताठ, नाकावर चष्मा, हातात वही. त्यांनी मास्तरांची हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, उजव्या गालावर कागद दाबला आणि तो उजेडात धरला. कागद ओलसर होता, रंग मात्र जराही उतरला नव्हता.

"दिवसभर कुठे होता तुम्ही?"

"भट्टीपाशी. बेकरीत."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं. "लोण्याचा वास कुठून येतोय?"

लेकीने बापाकडे बघितलं. ती नजर मास्तरांना सोसवेना.

"मॅडम," ते उठून उभे राहिले, "उजवी बाजू तिची आहे, डावी माझी. जी काही लबाडी झालीय ती सगळी डावीकडे झालीय. पोरीला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही." आणि त्यांनी पोतं, झाकण, चमच्याचं पाणी, सगळं घडाघडा सांगून टाकलं. लेकीने डोळे मिटून घेतले. शेजारच्या काउंटरवरची मुलगी बाटल्यांमागे बसून तोंडात रुमाल कोंबत होती.

मॅडम हसल्या नाहीत. "डावी बाजू मी बघणारच नव्हते," त्या म्हणाल्या. "अर्धाच चेहरा करायला सांगते, तो नमुन्याच्या बाटल्या लवकर संपतात म्हणून."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही लेकीपुढे धरली. 'कायम' एवढंच लिहिलं होतं. लेक जी बापाच्या गळ्यात पडली ती नवा गणवेश लोण्याने माखेपर्यंत सुटली नाही. मास्तर तर दोन्ही डोळ्यांनी मनसोक्त रडले, आता कसली बंदी!

डोळे निवळले तेव्हा ट्यूबलाइटच्या प्रकाशात मॅडमचा चेहरा त्यांना पहिल्यांदा जवळून दिसला. दिवसभराचा जाड थर नाकापाशी फाटला होता आणि गालावरून ओघळून हनुवटीवर जमा झाला होता. मास्तर सभ्य माणूस, त्यांनी चटकन छताकडे बघितलं. पण त्यांनी काय बघितलं ते मॅडमच्या लक्षात आलं होतं.

मॅडमनी दाराकडे नजर टाकली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा काढून मास्तरांच्या हातात दिला, वही बाजूला ठेवली आणि त्या हळूच स्टुलावर बसल्या.

"ती पातळ बाटली आण," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि मला दोन्ही बाजूंना लाव."