कुलूपकाकांवरचा चार्ज

भांडारपाल तीस तारखेला सेवानिवृत्त होणार, हे कार्यालयाला बत्तीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या जागी कोण येणार, याचा विचार कुणीच केला नव्हता.

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, म्हणून सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. एकतीसला सकाळी ते आणि काकू समुद्र बघायला निघणार होते. लग्नापासून राहून गेलेला समुद्र. काकूंनी पंधरा दिवस आधीच पिशव्या भरून दाराशी मांडल्या होत्या. तेव्हा काकांनी वीस तारखेलाच अर्ज दिला : 'माझ्यावर भांडाराचा चार्ज आहे. तो कुणीतरी घ्यावा, म्हणजे मी मोकळा.'

आवक लिपिकाने पहिलं वाक्यसुद्धा पुरतं न वाचता नोंद केली : 'भांडारपालांवर चार्ज.' आस्थापना शाखेने नियमांचं पुस्तक काढलं. ज्याच्यावर चार्ज आहे त्याला निवृत्त करता येत नाही, चौकशी करावी लागते. दुसऱ्याच दिवशी चौकशी अधिकारी समोर येऊन बसले.

"चार्ज मान्य आहे?"

"आहे की! बत्तीस वर्षं आहे."

"लिहून घ्या, कबुली. कुणाच्या सांगण्यावरून?"

"तेव्हाच्या साहेबांनी सही करून दिला."

"म्हणजे हात वरपर्यंत पोचलेत."

"अहो, मी तो सोडायलाच बसलोय. घेणारा मिळत नाही!"

"दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा बेत आहे," अधिकारी गंभीरपणे म्हणाले. "हेही लिहा."

अहवाल फिरला आणि वीस वर्षं काकांच्या डब्यातली भाजी खाणाऱ्या शेजारच्या लिपिकाने आपली खुर्ची खिडकीपाशी नेली. साहेब म्हणाले, "मी तुमच्या पाठीशी आहे," आणि रजेवर गेले.

शेवटी आस्थापनेतल्या बाईंना दया आली. "काका, चार्ज नसल्याचा दाखला आणा. विद्युत शाखा देते."

विद्युत शाखेच्या वायरमनने काकांना चपला काढायला लावल्या आणि टेस्टर मनगटाला टेकवला. मग कोपराला, मग कपाळाला. दिवा काही लागला नाही.

"तुमच्यात काहीच उरलं नाही हो काका."

"सगळं इथेच खर्च झालं बाबा. दे सही."

दाखला घेऊन काका जवळजवळ धावतच आस्थापनेत गेले. बाईंनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "चार्ज नव्हता? मग बत्तीस वर्षं भांडार कुठल्या अधिकाराने उघडत होतात?"

झालं. विनाअधिकार प्रवेशाचा दुसरा चार्ज लागला.

तीस तारखेला साडेपाच वाजता आदेश आला. 'सदर कर्मचाऱ्याकडे मूळ चार्जव्यतिरिक्त एक अतिरिक्त चार्ज असल्याचे दिसून येते. एवढा भार वाहणाऱ्या अनुभवी माणसास सोडणे कार्यालयाच्या हिताचे नाही. सबब, दोन वर्षे मुदतवाढ.' निरोपासाठी आणलेला गुच्छ अभिनंदन म्हणून देण्यात आला. टाळ्या वाजल्या. खिडकीजवळची खुर्चीही परत आली.

घरी काकूंनी आदेश वाचला. "नाही म्हणायचं होतंत!"

"नाही म्हणायचा चार्ज माझ्याकडे नाही गं."

काकूंनी दोन पिशव्यांपैकी एक उचलली आणि सकाळी एकट्याच निघाल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "फार मोठा आहे हो. आणि कुणाच्याच ताब्यात नाही." काकांनी रिसीव्हर ठेवला आणि दाराशी उरलेली पिशवी उचलून आत नेली.

इकडे चौकशी मात्र चालूच आहे. कालच परिपत्रक निघालं : या प्रकरणाची माहिती असूनही जो कुणी सात दिवसांत लेखी कळवणार नाही, त्याच्यावर चार्ज ठेवण्यात येईल. माहिती कुठूनही मिळालेली असो, सबब चालणार नाही.

तुम्ही इथपर्यंत वाचलंत. आजचा दिवस पहिला धरतात.