अर्ध्यावरचा काटा

बेलापूरच्या पाणी-परीक्षण प्रयोगशाळेच्या मोटारीतला पेट्रोलचा काटा अर्ध्यावर असे. टाकी काठोकाठ भरली तरी अर्ध्यावर, कोरडी पडली तरी अर्ध्यावर. गाडी १९७९ची होती, साल १९९६ होते आणि एवढ्या काळात खात्यातली तेवढी एकच गोष्ट स्थिर राहिली होती.

दोष साधा होता. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा गोळा दांडीसकट गंजून अडकला होता. ड्रायव्हर धर्मराज टाकीत बांबूची कामटी बुडवून अंदाज घेई. रसायनतज्ज्ञ सुनीतीबाईंनी त्या कामटीवर एकेक लिटरच्या खुणा करून दिल्या. चूक पाव लिटरच्या आत येत असे.

पेट्रोलच्या मागणीसोबत जोडलेली ती कामटी वाहन शाखेच्या शालनबाईंनी परत पाठवली.

"काटा पावाच्या खाली आल्याशिवाय पेट्रोलची चिठ्ठी नाही, मॅडम. नियमात काटा आहे, कामटी नाही."

"मग काटा दुरुस्त करा."

"त्याला टाकी उतरवावी लागते. उतरवायला ती रिकामी पाहिजे. काटा तर अर्धी दाखवतोय."

"कामटी प्रमाणित करून आणली तर?"

"चालेल ना! ठाण्याला वजनमापे कार्यालयात घेऊन जा. फक्त ऑफिसच्या गाडीतूनच न्यायची हां."

ऑगस्टमध्ये ऐरोलीच्या एका वसाहतीत मुलांची पोटे बिघडली. सुनीतीबाई नमुने आणायला निघाल्या, तेव्हा धर्मराजने कामटी पाहिली. "मॅडम, ऐरोली गाठू. परतीचं टेन्शन आहे."

नऊ वाजता नळाचे पाणी बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत ठेवले. सहा तासांत तपासणी सुरू झाली नाही, तर नमुना बाद. महापेजवळ गाडी दोन आचके देऊन थांबली. धर्मराजने पीसीओवरून फोन लावला.

"शालनबाई, पेट्रोल संपलं. डबा पाठवा कोणाबरोबर तरी."

"काटा किती दाखवतो?"

"अर्धा."

"मग संपलं कसं?"

"अहो बाई, गाडी बंद पडलीय ना!"

"म्हणजे इंजिनात बिघाड. तसा अर्ज द्या. पेट्रोलचं नाव नको."

दोन तास वाट पाहून सुनीतीबाईंनी पेटी रिक्षात घातली. प्रयोगशाळेच्या दारात शालनबाईंनी ती अडवली; नमुन्यांची आवक नोंदवही आणि मासिक तक्ताही त्यांच्याकडेच होता. "रिक्षातून आलेला नमुना कोणत्या गाडीच्या नावावर चढवू, तुम्हीच सांगा!" या प्रश्नावर टिपण तयार होईपर्यंत तीन वाजून पाच मिनिटे झाली. सुनीतीबाईंनी घड्याळ पाहिले आणि स्वतःच्या हाताने 'नमुना बाद' लिहिले.

मासिक तक्त्यात मात्र रकाना रिकामा चालत नाही. नवा निष्कर्ष नसल्यास मागचा कायम धरावा, असे परिपत्रक आहे. शालनबाईंनी ऐरोलीपुढे 'पिण्यास योग्य' असे टाइप केले. सुनीतीबाईंनी सही नाकारली.

"राहू द्या मॅडम. शिक्का पुरतो."

सुनीतीबाईंनी जुने तक्ते काढून पाहिले. अठरा महिने ऐरोलीचे पाणी जागचे हलले नव्हते.

सोमवारी शालनबाई रजेवर होत्या.

"पोट धरून पडल्यात," धर्मराज म्हणाला.

"राहतात कुठे त्या?"

"त्याच वसाहतीत, मॅडम. तिथल्या बोर्डावर तक्ता त्यांनीच लावलाय."

तुमच्याही सोसायटीत, जिन्याखाली, तसा एक कागद आहे. परवाच तुम्ही तो वाचलात. तारीख ताजी होती, शिक्का स्पष्ट होता. वर येऊन तुम्ही पाणी न उकळताच प्यायलात.